आपोआप उतरणारी काच : या पावसाळ्यातील कामाची नोंद

जून

उन्हाळ्याच्या नोंदीत ज्या दहा वर्षे जुन्या हॅचबॅकच्या सस्पेन्शनचे काम लिहिले होते, त्याच गाडीच्या चालकाच्या दाराची काच पहिल्या पावसापासून स्वतःहून खाली येऊ लागली आहे. गाडी रत्नागिरीत घराच्या अंगणात उघड्यावर, उजवी बाजू नैर्ऋत्येला करून उभी असते. कोकणात पावसाची झड त्याच दिशेने येत असल्यामुळे काच चार बोटे उतरली तरी सकाळपर्यंत आसन, दाराची हातटेक आणि खालचे कार्पेट भिजून जाते. काच कधी दोन बोटे उतरलेली असते, तर कधी अर्धी. पूर्ण उतरलेली मात्र एकदाही सापडलेली नाही. पुढे हाच तपशील सर्वांत उपयोगी ठरला.

आधी एक गोष्ट वेगळी काढणे आवश्यक होते. कार्पेट ओले दिसले म्हणजे काच उघडली होती, असे सिद्ध होत नाही. काचेच्या मुळाशी असलेली बाहेरची रबरी पट्टी सगळे पाणी अडवत नाही. काचेवरून ओघळणारे बरेचसे पाणी दाराच्या पोकळीत जाते आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडते, अशीच त्याची रचना असते. दाराचे पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाटला किंवा सुटला, किंवा तळाची भोके मातीने बुजली, तर काच घट्ट बंद असतानाही पाणी आत येते. म्हणून रात्री गाडी बंद करताना काच आणि आतील पॅनेल यांना जोडणारी कागदी चिकटपट्टी लावून ठेवली. सकाळी पट्टी काचेबरोबर खाली ओढली गेलेली होती. काच खरोखरच उतरत होती, आणि पॅनेलमागच्या कागदाची शंका तूर्त बाजूला ठेवता आली.

काच वजनाने घसरत असेल का, हाही प्रश्न होता. काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे विंडो मशीनच्या, मोटरमध्ये वर्म गिअर असतो. मोटर काचेला हलवू शकते, पण काच मोटरला उलट फिरवू शकत नाही. त्यामुळे मशीनची तार तुटली असेल किंवा काचेची पकड सुटली असेल, तरच काच आपल्या वजनाने पडते, आणि मग ती बटणाने नीट वर येत नाही. माझी काच दर वेळी एका दमात वर जात होती. याचा अर्थ तिला खाली नेणारी वीजच होती.

पहिला संशय रिमोटवर

अनेक गाड्यांत रिमोटवरील कुलूप उघडण्याचे बटण दाबून धरले की काचा उतरतात. उन्हात तापलेल्या गाडीत बसण्यापूर्वी आतली हवा बाहेर जावी, हा त्यामागचा हेतू. एप्रिल-मे महिन्यांत ही सोय खरोखर सुखाची आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु खिशात नाण्यांबरोबर किंवा फडताळात मोबाइलखाली दाबली गेलेली चावी घरातून हेच काम रात्रीही करू शकते, आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या गाडीच्या मेनूत या सोयीसाठी ‘सर्व काचा’, ‘फक्त चालक’ आणि ‘बंद’ असे तीन पर्याय आहेत. आधीच्या मालकांनी ‘फक्त चालक’ हा पर्याय निवडून ठेवला होता. त्यामुळे एकच काच उतरण्याचा खुलासा इतका सहज होत होता की, मेनूत तो पर्याय बंद केल्यावर शोध तिथेच थांबवण्याचा मोह होता.

याच अनुषंगाने एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. रिमोटने काच वर नेण्यावर नियमांचा जेवढा पहारा आहे, तेवढा ती खाली नेण्यावर नाही. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमात, अडथळा लागताच उलट फिरण्याची सोय काचेला नसेल, तर रिमोटने ती साधारणपणे ६ मीटरच्या आतूनच बंद करता आली पाहिजे, आणि रिमोटला गाडी समोर दिसणे आवश्यक असेल तर ११ मीटरपर्यंत, अशी मर्यादा आहे. जिथे उलट फिरण्याची सोय असते, तिथे काच आणि चौकट यांच्यातील ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत तिचा दाब १०० न्यूटनच्या वर जाण्यापूर्वी तिने मागे फिरावे, ही युरोपीय नियमांची अपेक्षा आहे. मुलांची बोटे आणि माना डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे नियम योग्यच आहेत. मात्र त्यांत पावसाचा विचार नाही. चार महिने पाऊस पडणाऱ्या प्रदेशात विकल्या जाणाऱ्या गाडीत रिमोटने काच उतरवण्याची सोय कारखान्यातून बंद स्थितीत यावी आणि हवी त्याने ती चालू करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेनूतील बदलावर पूर्ण विश्वास न ठेवता दोन्ही रिमोटमधील सीआर २०३२ सेलही काढून ठेवले आणि काही दिवस गाडीला धातूच्या चावीनेच कुलूप लावले. पावसाच्या एका रात्री काच पुन्हा उतरली. रिमोट निर्दोष ठरला.

जुलै

उरला दारावरील स्विच, परंतु त्याच्या विरोधात एक मजबूत मुद्दा होता. इग्निशन बंद झाल्यावर स्विचला किंमत राहत नाही. तो कितीही बिघडला तरी झोपलेल्या गाडीची काच हलवू शकत नाही. याला अपवाद असतो तो इग्निशन बंद केल्यानंतरच्या थोड्या वेळाचा. तेवढ्या वेळात काचा वर घेता याव्यात म्हणून खिडक्यांना वीज चालू ठेवलेली असते, आणि बहुतेक गाड्यांत पुढचे दार उघडले की ती लगेच तोडली जाते. माझ्या गाडीत ती तुटत नव्हती. इंजिन बंद करून, दार उघडून बाहेर उभा राहिलो आणि बटण दाबून पाहिले, तर काच निमूटपणे खाली गेली.

चालकाचे दार उघडल्यावर छताचा दिवा लागत नाही, ही गाडीची जुनी तक्रार होती. त्या दोन गोष्टींचा संबंध इथे लागला. दार उघडले की नाही हे सांगणारा छोटा स्विच दाराच्या लॅचमध्येच, म्हणजे दार अडकवून ठेवणाऱ्या कडीच्या यंत्रणेतच, असतो. तो बंद स्थितीत अडकला असल्याने गाडीच्या दृष्टीने चालकाचे दार कधी उघडतच नव्हते. म्हणून दिवा लागत नव्हता आणि खिडक्यांची वीजही ठरलेली वेळ संपेपर्यंत चालू राहत होती.

आता अर्धवट उतरणाऱ्या काचेचा उलगडा झाला. मी पावसात दार लावून घराकडे पळतो. मागे काच उतरू लागते आणि वीज बंद होताच जिथे असेल तिथे थांबते. बिघाड रात्री घडत नव्हताच. तो माझी पाठ वळल्यानंतरच्या काही क्षणांत घडत होता.

स्विच का बिघडला, हे पॅनेल काढल्यावर दिसले. या पद्धतीच्या स्विचमधून मोटरचा प्रवाह जात नाही. वर, खाली, आपोआप वर आणि आपोआप खाली या प्रत्येक आज्ञेसाठी वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) असतो, आणि एकाच वायरवरील व्होल्टेज पाहून दारातील नियंत्रक आज्ञा ओळखतो. बटणाला हात लावलेला नसताना त्या वायरवर ५ व्होल्टच्या आसपास वाचन मिळायला हवे. ओल्या स्विचवर ते खाली येऊन सतत हलत होते, आणि मधूनच ‘खाली’ या आज्ञेच्या टप्प्यात शिरत होते. ओल म्हणजे नियंत्रकाच्या दृष्टीने आणखी एक रेझिस्टरच. शुद्ध पावसाचे पाणी फारसे वीजवाहक नसते, पण हातटेकीवरची धूळ, घाम आणि आमच्याकडची खारी हवा त्यात मिसळली की तो प्रश्न उरत नाही. पाणी तिथे येते कुठून, याचे उत्तर छत्री. उजव्या हाताने छत्री मिटून ती दारातून आत घेताना तिचे सगळे पाणी नेमके बटणांवर गळते. त्यातून काच उतरते, उतरलेल्या काचेतून आणखी पाऊस येतो आणि स्विच अधिकच भिजतो.

स्विच उघडला. रबरी पडद्याखालच्या सर्किटवर, रेझिस्टरांच्या कडेने, हिरवट-पांढरा थर जमला होता. असा थर हवेतील ओलावा धरून ठेवतो, म्हणून बिघाड पाऊस थांबल्यावरही काही दिवस टिकत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ दात-ब्रश यांनी थर काढला, सर्किट कोमट हवेने वाळवले आणि बटणांखालच्या संपर्काच्या जागा टेपने झाकून उरलेल्या भागावर ॲक्रिलिकच्या संरक्षक वार्निशचा फवारा दिला. गंज सोडवणारा तेलकट फवारा येथे मुळीच वापरू नये. त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट स्थिती होते. जोडल्यानंतर वाचन ५ व्होल्टच्या जवळ स्थिर आहे, बटणांवर मुद्दाम पाणी शिंपडल्यावरही.

लॅचमधील स्विच सुटा मिळत नाही, पूर्ण लॅच घ्यावे लागते. ते येईपर्यंत इंजिन बंद केल्यावर दाराबाहेर मिनिटभर थांबून काचेवर नजर ठेवतो.

ओल्या कार्पेटविषयी एवढेच सांगतो की वरून कोरडे वाटले तरी खालचा जाड फोम पाणी धरून ठेवतो, आणि त्याच्याच शेजारून वायरिंगचे जोड जातात. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेटची कड उचलली, खाली वर्तमानपत्रे घातली आणि टेबलफॅन लावून ठेवला.

पुढील काम लॅच बदलण्याचे आहे. त्यासाठी पॅनेल पुन्हा निघेलच, तेव्हा दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दार उघडमीट करत तपासणार आहे. ज्यांच्या गाडीत छताचा दिवा एका विशिष्ट दाराने लागत नाही, त्यांनी इंजिन बंद करून, तेच दार उघडून काच चालते का, हे पाहून कळवावे. गाडीचे मॉडेल आणि वर्ष लिहिल्यास पुढच्या नोंदीत त्याचा तक्ता करता येईल.