कराची पावती, मृत्यूचा दाखला आणि विवाहाचा कायदा

समलिंगी विवाहाला मज्जाव करणाऱ्या कायद्यांविरुद्ध झालेल्या खटल्यांचे निकाल मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे. समता आणि प्रतिष्ठा यांवरची पाने आता भरभर उलटली जातात. रेंगाळतो तो वस्तुस्थिती सांगणाऱ्या सुरुवातीच्या परिच्छेदांपाशी, कारण ही माणसे न्यायालयाची पायरी नेमके कशासाठी चढले, ते तिथेच कळते.

अमेरिकेतील एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांचा संसार चाळीस वर्षांहून अधिक काळचा. २००७ मध्ये त्यांनी टोरांटोला जाऊन रीतसर लग्न केले आणि २००९ मध्ये स्पायर वारल्या. त्यांची मालमत्ता विंडसर यांच्याकडे आली, परंतु १९९६ च्या केंद्रीय कायद्याचे कलम ३ केवळ स्त्री-पुरुषांच्या विवाहालाच विवाह मानत असल्यामुळे हयात जोडीदाराला मिळणारी करसवलत त्यांना नाकारली गेली. त्यांनी ३,६३,०५३ डॉलर भरले आणि मग ते परत मागण्यासाठी दावा लावला. विवाहसंस्थेचे काय होईल ही चर्चा कितीही लांबवता येते. भरलेल्या कराची पावती समोर असली की 'लग्न वैध आहे, मग ही रक्कम घेतली कशी?' या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम रद्द केले.

जिम ओबर्गफेल यांचे भांडण तर एका रकान्यासाठी होते. त्यांचे जोडीदार जॉन आर्थर असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेले आणि ओहायोत विवाहाची सोय नाही, म्हणून जुलै २०१३ मध्ये रुग्णवाहू विमानाने दोघे मेरीलँडला गेले आणि विमानतळावर उभ्या असलेल्या त्या विमानातच काही मिनिटांत त्यांचे लग्न लागले. पण ओहायोच्या कायद्यानुसार आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'अविवाहित' असेच लिहिले जाणार होते. त्या एका शब्दाविरुद्धचा दावा पुढे इतर राज्यांतील दाव्यांसह सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २६ जून २०१५ च्या निकालाने समलिंगी विवाह देशभर खुला झाला. आर्थर मात्र ऑक्टोबर २०१३ मध्येच गेले होते.

आपल्याकडच्या याचिकांतही बँक, विमा, रुग्णालय यांचे दाखले होते, परंतु मुख्य मागणी धर्म न पाहता लग्न करू देणाऱ्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे वाचन लिंगनिरपेक्ष करावे ही होती. त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये पुरुषाचे वय २१ आणि स्त्रीचे १८ असे सरळ लिहिले आहे. पुढे घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीसाठी, पोटगीही पत्नीलाच. एक शब्द बदलायचा तर किती कलमांचे टाके उसवावे लागतील, हा आक्षेप पोकळ नव्हता, हे याचिकाकर्त्यांच्या बाजूचा असूनही मला मान्य करावे लागते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठातील पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळवण्याचा हक्क दोघांनी मानला, तिघांनी नाही. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

दरम्यान २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही खुलासे केले: शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. दिलासा आहेच, पण तो पत्रकातला. दुसरे पत्रक निघेपर्यंतचा.

म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये दाखल झालेली एक याचिका मी लक्षपूर्वक पाहतो आहे. आयकर कायद्यानुसार वर्षाकाठी ५०,००० रुपयांहून अधिक रकमेच्या भेटी मिळाल्या तर त्या करपात्र उत्पन्न ठरतात. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्या भेटींना मात्र सूट आहे. ती सूट आपल्यालाही मिळावी, एवढेच एका समलिंगी जोडप्याचे म्हणणे आहे. विवाहाचा कायदा त्यांनी मागितलेलाच नाही. कायद्याच्या घटनात्मकतेचा प्रश्न असल्यामुळे न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली आहे.