आरएसआय २४ दिसला आणि मी शेअर घेतला

अमळनेरला शेअरचा विषय निघाला की विप्रो येतेच. कंपनी १९४५ मध्ये आमच्याच गावात सुरू झाली. जुन्या घरांत ते शेअर जपून ठेवलेले, त्यामुळे 'पडला तरी विकायचा नाही' हे लहानपणापासून कानावर. त्याच भरवशावर मी एका छोट्या कंपनीचा शेअर घेतला. २१२ वरून १४० ला आला होता, आरएसआय (खरेदी-विक्रीचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा आकडा) २४. तिसाच्या खाली म्हणजे ओव्हरसोल्ड, प्रमाणाबाहेर विकला गेलेला, आता उसळी येणारच, असं धरून चाललो.

उसळी आली नाही. १२० ला आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज केलं, १०१ ला परत केलं. आरएसआय पाच आठवडे तिसाच्या आसपास रेंगाळत राहिला आणि भाव ८६ वर गेला. रात्री झोप लागेना.

कापसाचा व्यापार करणाऱ्या नानांकडे गेलो. पुढ्यात कापसाचे दोन ढीग, दोन्हींचा भाव उतरलेला. नानांनी एकातून मूठभर कापूस घेऊन दाबला, मूठ उघडली, कापूस फुलला. दुसऱ्यातला तसाच गोळा होऊन राहिला, ओला होता. "भाऊ, भाव का बरं पडना, ते आधी देख," एवढंच म्हणाले.

आरएसआय मागच्या १४ दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घट ताडून पाहतो. विक्रीचा जोर त्यातून कळतो, कारण कळत नाही. घरी येऊन कागद काढले. प्रवर्तकांचे निम्म्याहून जास्त शेअर गहाण, कर्ज वाढतं, नफा सलग तीन तिमाही घटलेला. माझा कापूस ओला होता. तोटा सोसून विकला.

पुढच्या वेळी अख्खा बाजारच पडत होता. माझ्या नजरेतल्या कंपनीवर कर्ज जवळपास नव्हतं, विक्री टिकून होती. आरएसआय २७ झाला तरी थांबलो. भावाने आणखी खालचा तळ केला, पण आरएसआयचा तळ आधीच्यापेक्षा वर राहिला. विकणारे थकत चालल्याची ही खूण मला सर्वांत मोलाची वाटते. आरएसआय तिसाच्या वर आला, डिलिव्हरीचा टक्काही (त्याच दिवशी न विकता ठेवून घेतलेल्या शेअरचा वाटा) वाढला, तेव्हा ठरवलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग घातला आणि तळाच्या जरा खाली स्टॉपलॉस (भाव तिथवर पडला की विकायची ऑर्डर) लावला. दोन महिन्यांत शेअर २०० दिवसांच्या सरासरी भावाला भिडला. तिथे अडकलेले लोक विकायला बसलेले असतात, म्हणून निम्मे काढले.

आता वहीत पहिला रकाना 'का पडला?' हाच आहे. गेल्या आठवड्यापासून एक शेअर २२ च्या आरएसआयवर आहे. त्याचा रकाना अजून कोरा आहे, म्हणून घेतलेला नाही.