डॉक्टरकाका गेले त्यानंतर

आज डॉक्टरकाकांची शोकसभा झाली. चारपाच भाषणं झाली आणि सगळी एकाहत्तरच्या लढाईवर. एकाने तर त्यांना थेट 'सोलापूरचे दुसरे कोटणीस' करून टाकलं. काका समोर असते तर उठून गेले असते. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा मीही अशीच तुलना केली होती. फटकन म्हणाले, "तो १९३८ मध्ये स्वतःहून चीनला गेला, लढाईतल्या जखमींवर उपचार करायला. फिटा येत होत्या तरी ऑपरेशनं करत राहिला आणि ३२ व्या वर्षी गेला. मला सरकार पगार देत होतं. उगाच कुणाच्याही शेजारी बसवू नकोस मला."

लढाईबद्दल ते बोलायचेच नाहीत असं नाही. पण विचारणाऱ्याला शौर्यकथा हवी असायची आणि काका सांगायचे भलतंच. १९७१ चा डिसेंबर, पाकिस्तानच्या हद्दीतला शकरगडचा भाग, कडाक्याची थंडी, पहाटेचं धुकं आणि पुढे सुरुंगांची शेतं. काका तेव्हा कॅप्टन, पलटणीचे डॉक्टर. पाय गेलेला जवान आणला की मांडीला पट्टा आवळायचा आणि पट्टा कधी बांधला ती वेळ त्याच्या कपाळावर लिहायची. चिठ्ठी हरवते, कपाळ हरवत नाही. मागच्या डॉक्टरला वेळ कळली नाही, पट्टा तासन्‌तास तसाच राहिला, तर वाचणारा पायही जातो. "लढाईत मी मुख्यतः घड्याळ बघितलं," असं ते म्हणायचे. ऐकणारा हिरमुसायचा.

लेफ्टनंट कर्नल होऊन १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि होटगी रोडवर बंगला बांधायचा सोडून त्यांनी पूर्व भागात दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. माझ्या मते त्यांची खरी मोठी लढाई इथली. शोकसभेत तिच्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. क्षयाला कोण टाळ्या देणार?

आमच्या त्या भागात घराघरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आणि दिवसरात्र खडखडणारे यंत्रमाग. कोंदट खोल्या, तंबाखूची धूळ, कापसाचे तंतू. खोकला म्हणजे रोजचाच, त्यामुळे कुणी मनावर घ्यायचं नाही. निदान झालं की पुढचं संकट. गोळ्या सुरू केल्या की दीडदोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि माणूस म्हणतो, झालं की बरं! औषध सहा महिन्यांचं. मध्येच सोडलं की उरलेले जंतू औषधालाच पुरून उरतात. तेव्हा दुसऱ्या खेपेला इंजेक्शनं असायची, जास्त महिने, जास्त त्रास.

काकांनी प्रत्येकाचं कार्ड ठेवलं होतं, पलटणीतल्या हजेरीसारखं. एक फुली चुकली की संध्याकाळी त्यांची स्कूटर दारात. वस्तीतले बरेचजण तेलुगू बोलणारे. काकांना ती मोडकीतोडकीच यायची, पण "मंदुलु वेसुकुन्नारा?" (औषधं घेतलीत का?) हे मात्र खणखणीत. घेतल्या म्हणून सांगणाऱ्यावर ते तेवढ्यावर विश्वास ठेवत नसत. लघवीचा रंग विचारायचे. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध पोटात गेलं की लघवी नारिंगी होते, हे त्या माणसाला ठाऊक नसायचं. तो "नेहमीसारखीच की" म्हणाला की सापडला! मग समोर बसवून, पाणी हातात देऊन, गोळी गिळेपर्यंत काका हलायचे नाहीत. पुढे सरकारनेच देखरेखीखाली गोळ्या देण्याची पद्धत आणली, तेव्हा म्हणाले, "बरं झालं, माझं पेट्रोल वाचलं."

तापट होते, हेही लिहून ठेवतो. नंबर तोडून आत घुसणाऱ्या नगरसेवकाला बाहेर काढायचे ते ठीक, पण रडणाऱ्या बाईवरही खेकसायचे. लग्नाच्या मुलींची कार्डं मात्र वेगळ्या खणात, कुलपात. क्षय झालाय हे बाहेर फुटलं की सोयरीक मोडायची. कंपाउंडरलासुद्धा त्या खणाची किल्ली मिळाली नाही. आज एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत. मी ओळखलं त्यांना. मीही बोललो नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दवाखाना बंद ठेवायची रीत त्यांना मान्य नव्हती. संक्रांतीला नंदीध्वजांचं दर्शन घेऊन, शेंगाची चटणी-भाकरी खाऊन दुपारी परत खुर्चीत. काकू चिडायच्या. त्यांचं बरोबर होतं.

सभेनंतर काकूंकडे गेलो. त्या रडत नव्हत्या, कागद शोधत होत्या. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पेन्शनचा आदेश, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक. आदेशात काकूंचं नाव एक आहे आणि आधारवर दुसरंच, माहेरचं. काका सगळ्या गावाची कार्डं नीट ठेवत होते आणि घरातलं हे राहिलंच! काकू म्हणाल्या, "मी विसाव्या वर्षापासून सांगत होते." उद्या त्यांना घेऊन आधी प्रतिज्ञापत्र करायचं, मग सैनिक कल्याण कार्यालय. दुपारी ऊन फार होतं, सकाळी साडेनऊला निघायला हवं.