तुम्ही विचारलंत म्हणून: शाळा नाही, मग दिवसभर मुलं करतात काय?

मुलं शाळेत जात नाहीत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग दिवसभर करतात काय?’ विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कुतूहल असतं, कधी काळजी, आणि काकू-मावश्यांच्या आवाजात थोडा रागही. लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. सांगणं आहे ते चार ते नऊ वर्षांच्या मुलांबद्दल.

‘अनस्कूलिंग’ हा शब्द अमेरिकेतल्या जॉन होल्ट यांनी १९७७च्या सुमारास रूढ केला. घरी शाळा भरवायची नाही. तास, धडे, चाचण्या काही नाही. मूल ज्यात गुंतलंय तिथूनच पुढे जायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरं मोकाट सोडली. खरं तर मोठ्यांचं काम वाढतं. शिकवण्याचे कष्ट वाचतात, पण वस्तू हाताशी ठेवायच्या, वेळ मोकळा ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं, ही तीन कामं येतात. त्यात तिसरं सगळ्यांत अवघड.

दिवसाला ठरलेल्या वेळा मात्र लागतात: उठणं, दोन जेवणं, संध्याकाळी बाहेर जाणं आणि झोपणं. बाकीचा वेळ मोकळा. यातली झोपेची वेळ ढिली पडली की सगळंच ढासळतं. रात्री अकराला झोपलेलं मूल साडेनऊला उठतं, अकरापर्यंत आवरतं, आणि सकाळचे चांगले दोन तास हातचे जातात. बहुतेक घरांत ‘आमच्याकडे नाही जमलं’ याचं कारण इथेच सापडतं.

घरात मुलाच्या छातीपर्यंत पोचेल अशी एक फळी हवी, साधारण दोन फुटांवर. तिच्यावर आठ-दहा वस्तूच ठेवायच्या आणि दर दोन आठवड्यांनी निम्म्या बदलायच्या. पन्नास खेळणी समोर असली की मूल सगळी उपसतं आणि एकाशीही खेळत नाही. वस्तू खऱ्या हव्यात: फूटपट्टी, मोजटेप, भिंग, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, हलकी हातोडी आणि इंचभराचे खिळे. खिळे ठोकायला आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या उत्तम, लाकूड मऊ असतं. प्लायवूडवर लहान हातांचे खिळे वाकतात आणि मूल वैतागून उठतं. एका भिंतीला काळा रंग देऊन चार फूट बाय सहा फुटांचा फळा करता येतो. शाडूची माती पाच किलो आणली तर महिनोन्‌महिने पुरते, पण मळलेला गोळा ओल्या फडक्यात, झाकणाच्या डब्यातच ठेवायचा. केलेल्या वस्तू उन्हात वाळवल्या की तडकतात. सावलीत दोन-तीन दिवस लागतात, ते लागू द्यायचे.

आता गणित, कारण मूळ प्रश्नाच्या पोटात बहुधा तेच असतं. या वयाचं निम्मं गणित स्वयंपाकघरात आहे. इडलीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद. पाहुणे आले तर दुप्पट, आणि उडीद अर्धीच वाटी उरलेत तर तांदूळ किती? हे गुणोत्तरच आहे, नाव नंतर कळलं तरी चालतं. घरात जुनी मापं असतील तर माळ्यावरून काढा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. मूल तांदूळ भरत-ओतत बसतं आणि पायलीत सोळा चिपटी बसतात हे त्याचं तोच शोधतं. पाव आणि अर्धा हे शब्द आधी हाताला कळतात, मग कागदावर लिहिताना अडचण येत नाही.

कॅलेंडरवरचा दुधाचा हिशेब मुलाकडे द्या. रोज एक लिटर, महिना ३१ दिवसांचा, दोन दिवस खाडा, चार दिवस अर्धा लिटर जास्त. शेवटी बेरीज पुन्हा ३१ लिटरच येते, आणि ती तशी का आली यावर अर्धा तास सहज जातो. बाजारात जाताना शंभर रुपये सुटे द्या. यूपीआयमुळे मुलांच्या डोळ्यांसमोरून पैसेच गेलेत. मोबाइल दाखवला की भाजी मिळते एवढंच त्यांना दिसतं. टोमॅटो चाळीस रुपये किलो, तर पाव किलोचे किती, हे मुलानं भाजीवाल्याशी बोलावं. मागे उभं राहून उत्तर पुटपुटायचं नाही.

मराठीत एक अडचण हमखास येते. ‘तेवीस’ ऐकताना तीन आधी येतो, म्हणून मूल ३२ लिहितं. आणि एकोणतीस, एकोणचाळीस इथे तर ते पार गोंधळतं. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचायची रीत आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला होता, पण अडचण खरी होती. घरी उपाय सोपा आहे. आइस्क्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबर लावून बांधायच्या. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन सुट्या. एकोणतिसाला तीन जुड्या घ्यायच्या आणि त्यातली एक काडी काढायची. त्यासाठी रबर सोडावं लागतं आणि तिथेच गोष्ट डोक्यात बसते. काही आठवड्यांत जुड्या लागेनाशा होतात.

याच पद्धतीनं थोडं विज्ञानही होतं. तीन वाट्या दूध घ्या: एक फ्रिजमधलं थंड, एक बोटाला सोसेल इतकं कोमट, एक उकळतं. तिन्हीत सारखंच, छोटा चमचाभर विरजण घालून रात्रभर ठेवा. कोमट लागतं, थंड मागे राहतं, उकळत्यात विरजणातले जिवाणू मरतात म्हणून दही होत नाही. सकाळी मूल स्वतः वाट्या बघायला धावतं. त्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ असं विचारलं की खेळाची परीक्षा होते, आणि पुढच्या वेळी मूल येत नाही. ही चूक शिकलेल्या आई-बाबांकडून जास्त होते.

वाचन स्वतःच्या नावापासून सुरू होतं. मग दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावं, टेम्पोच्या मागचा मजकूर. घरभर वस्तूंवर नावं चिकटवण्याचा उत्साह पुष्कळांना येतो. आठवड्यात त्या चिठ्ठ्या कुणाला दिसेनाशा होतात. त्यापेक्षा मुलासाठी खरोखरीची चिठ्ठी लिहा: ‘डब्यात लाडू आहे’. ती वाचली जाते. ख आणि ‘रव’, घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत होणारच. र फार छळतो, कारण सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या चार ठिकाणी तो चार रूपांत येतो. तो समजावत बसू नका, वाचून दाखवताना बोट ठेवा. एखादं मूल पाचव्या वर्षी वाचतं, एखादं आठव्या, आणि दोन्ही ठीक. पण आठवं लागलं तरी यमक पकडता येत नाही, शिकलेलं अक्षर पुन्हा पुन्हा विसरतं, घरात आणखी कुणाला असाच त्रास होता, तर ‘आपोआप येईल’ म्हणत थांबू नये. आधी कान-डोळे तपासा, मग वाचन-अक्षमतेची चाचणी करून घ्या. अनस्कूलिंगच्या नावाखाली हे टाळणं म्हणजे निव्वळ दुर्लक्ष.

‘कंटाळा आला’ हे रोज ऐकू येईल. पहिली वीस-तीस मिनिटं काही सुचवायचं नाही. त्यानंतर मूल बहुधा स्वतःच कशाला तरी लागतं; अट एकच, मोबाइल आणि टीव्ही त्या वेळी आवाक्यात नको. स्क्रीन कायम खुला असेल तर फळी, शाडू, हातोडी कशालाच कुणी हात लावणार नाही. शाळेतून काढलेल्या मुलाला मात्र जास्त सवड द्या. शाळेच्या दर वर्षामागे एक महिना, असा अंदाज या क्षेत्रातली माणसं सांगतात. तोवर ते लोळेल आणि ‘आता काय करू?’ विचारत राहील.

सोबत हा खरा कच्चा दुवा आहे. सोसायटीतली मुलं संध्याकाळी पाचनंतरच खाली येतात, त्यामुळे दुपार एकट्याची. आठवड्यातून एक-दोनदा दुसऱ्या घरच्या मुलांशी भेट ठरवावीच लागते. आणि आई-बाबा दोघंही दिवसभर बाहेर असतील, घरी आजी-आजोबाही नसतील, तर हा मार्ग घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

शाळा काही कामं न सांगता करून टाकते, ती आपल्या अंगावर येतात. लांबचा फळा दिसत नाही हे शाळेत बाईंच्या लक्षात येतं. घरी मूल वस्तूच जवळ ओढतं, म्हणून चष्मा उशिरा कळतो. वर्षातून एकदा डोळे तपासा. पाच-सहाव्या वर्षी डीपीटी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर, दहाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात, घटसर्प) लस. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली जंताची गोळी अंगणवाडीत मागून घ्या.

कायद्याबद्दल दोन्ही टोकांची माणसं ठामपणे बोलतात. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे असं त्याचं कलम १० सांगतं. मात्र पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी मान्यताही नाही. पुढे शाळेत घालायचं ठरलं तर कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळायला हवा. त्या दिवसासाठी दोनशे पानी वहीत रोज तीन-चार ओळी तारीख घालून लिहा: काय केलं, काय विचारलं, कुठे अडलं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहाव्या वर्षी आणि आठवीची तेराव्या वर्षी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला चौदा पूर्ण लागतात, विषय किमान पाच, परीक्षा वर्षातून दोनदा.

या मुलांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो, म्हणून सगळा भार जन्मदाखला आणि आधारवर येतो. दोन्हींवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि इंग्रजी स्पेलिंग तंतोतंत एक आहे का ते आत्ताच बघा. पाचव्या वर्षी आधारला बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्याच फेरीत दुरुस्तीही करून घ्या.