क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचा, घड्याळ १ मेगाहर्ट्झचे

आमच्या बोर्डावरील पिनांच्या क्रमाने एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरचे (एका चिपवरच्या छोट्या संगणकाचे) आकृतीतले चिन्ह एका कनिष्ठ सहकाऱ्याने मेहनतीने तयार केले होते, आणि त्याची लायब्ररी, म्हणजे घटकांचा संग्रह, प्रोटिअस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून सगळ्यांच्या संगणकांवर देण्याचे काम त्या दिवशी माझ्याकडे होते. एलआयबी आणि आयडीएक्स या दोन्ही फायली मी लायब्ररीच्या फोल्डरमध्ये टाकल्या, तरी घटक निवडण्याच्या खिडकीत आमचा पार्ट काही दिसेना. त्या संगणकावर लायब्ररीचे फोल्डर दोन निघाले. सॉफ्टवेअर वाचत होते ते प्रोग्रामडेटामधले, जे विंडोज सहसा लपवूनच ठेवते. सिस्टीम सेटिंग्जमधला मार्ग पाहून फायली तिथे हलवल्या, प्रोटिअस बंद करून पुन्हा उघडले आणि पार्ट आला.

खरी अडचण त्यानंतरची. एलईडी एक सेकंद पेटवून एक सेकंद विझवणाऱ्या प्रोग्रामची हेक्स फाइल (चिपसाठी कंपाइल केलेले रूप) जोडून सिम्युलेशन सुरू केले, तर एलईडी पेटला तो पेटलेलाच राहिला आणि चिपने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या व्हर्च्युअल टर्मिनलवर अर्थहीन अक्षरे उमटू लागली. प्रोग्राम अडकला, असेच सगळ्यांना वाटले. मी मात्र खालच्या पट्टीतला सिम्युलेशनचा वेळ पाहत बसलो, आणि बरोबर सोळा सेकंदांनी एलईडी विझला. सोळा हा आकडा पाहताच माझा संशय चिपच्या घड्याळावर, म्हणजे तिचा वेग ठरवणाऱ्या ठोक्यांवर गेला.

"पण सर, क्रिस्टल तर १६ मेगाहर्ट्झचाच लावलाय," सहकारी म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, कारण आकृतीत हे ठोके देणारा क्रिस्टल होता आणि त्याला जोडलेले दोन कपॅसिटरही होते. परंतु प्रोटिअसमध्ये मायक्रोकंट्रोलरचा वेग आकृतीतल्या क्रिस्टलवरून ठरत नाही, तो घटकाच्या गुणधर्मांत लिहिलेल्या फ्यूज (चिपच्या सेटिंग्जचे बिट) आणि वारंवारतेवरून ठरतो. आमच्या पार्टमध्ये ही चिप कारखान्यातून येते तशीच मांडणी राहिली होती: चिपच्या आतला, ठोके निर्माण करणारा ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, त्याला आठने भाग, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. प्रोग्राम १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरून कंपाइल केलेला असल्यामुळे प्रत्येक विलंब सोळा पटींनी लांबला आणि टर्मिनलकडे जाणारा ९६०० बॉडचा (सेकंदाला ९६०० बिटांचा) प्रवाह ६०० वर उतरला.

माझ्या मते लायब्ररी देणाऱ्याची जबाबदारी इथेच असते. चिन्ह कितीही सुबक असले, तरी त्यामागचे मॉडेल कोणत्या मूल्यांवर चालते हे वापरणाऱ्याला आकृती पाहून कळत नाही. समोरच्या आकृतीपुरते मूल्य बदलून काम भागले असते, परंतु मग तीच चूक प्रत्येकाच्या वाट्याला आली असती. म्हणून सहकाऱ्याकडून मूळ पार्टमध्येच फ्यूज आणि वारंवारता दुरुस्त करून घेतली, तो कोऱ्या पानावर नव्याने ठेवला आणि काहीही न बदलता सिम्युलेशन चालवले. एलईडी सेकंदाला विझला, टर्मिनलवर ओळ स्वच्छ उमटली, आणि मगच त्या दोन फायली बाकीच्या संगणकांवर गेल्या.