रेडिएशन अंगवळणी पडतं का?

लग्नकार्यात कुणीतरी हटकून विचारतंच, "तुम्ही रोज रेडिएशनमध्ये असता, तरी ठणठणीत आहात. मग मंगळावर जाणाऱ्यांनाही होईल की हळूहळू सवय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणाऱ्या विभागात फिजिसिस्ट आहे. पण मी रेडिएशनमध्ये नसतो, जाडजूड काँक्रीटच्या भिंतीअलीकडे असतो. मशीन चालू असताना खोलीत पेशंट एकटाच.

छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा. आत तीन छोट्या चकत्या. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो. तिथे चकत्या तापवल्या की जेवढं रेडिएशन शोषलेलं, तेवढा उजेड त्यांतून बाहेर पडतो. एकदा माझा बॅज एप्रनला लावलेलाच एक्स-रेच्या खोलीत राहिला. असा आकडा आला की लेखी खुलासा द्यावा लागला. बॅजच्या जागी मी असतो तर? मला काहीच कळलं नसतं. मिरची तोंडाला लागते, म्हणून तिची सवय होते. हे लागतच नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या अंतराळवीरांना डोळे मिटले तरी उजेडाचे ठिपके, रेषा दिसायच्या. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, डोळ्यांतून आरपार जात होते. तेवढीच काय ती चाहूल.

रेडिएशनचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. आम्हाला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. नासाची क्युरिऑसिटी ही गाडी मंगळाकडे जाताना तिच्यावरच्या उपकरणाने जे मोजलं, त्यावरून जाण्यायेण्याच्या प्रवासाचाच हिशेब 660च्या आसपास निघतो. नासाने अंतराळवीराला अख्ख्या कारकिर्दीसाठी दिलेत 600.

केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमच्या वाळूत लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथे कॅन्सर जास्त आढळलेला नाही, हे खरं. पण ती गॅमा किरणांची संथ रिपरिप आहे. अवकाशात वैश्विक किरणांतलं लोखंडाचं अणुकेंद्रक पेशीतून जातं तेव्हा डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तोडत जातं. दुरुस्तीला धड टोकंही सापडत नाहीत.

माझ्या भाच्याची सगळी भिस्त टार्डिग्रेडवर, म्हणजे रेडिएशनलाही सहज दाद न देणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्यावर. शुभांशु शुक्लांच्या 2025च्या मोहिमेत हे प्राणी अवकाशस्थानकात गेले होते, ते त्याने लक्षात ठेवलंय. त्यांचं डीसप नावाचं प्रथिन माणसाच्या पेशींत घातल्यावर एक्स-रेने होणारी इजा सुमारे 40 टक्क्यांनी घटली, हे 2016चं जपानी संशोधन. पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माणूस नव्हे. बाळाच्या जनुकांत ते घालायला मी तरी हो म्हणणार नाही.

मला भरवसा आडोशाचा. शिशाचा नव्हे हं! जड धातूवर वैश्विक किरण आदळले की त्यांतून नव्या कणांचा फवारा उडतो. हायड्रोजन भरपूर असलेली वस्तू बरी : पाणी, पॉलिथिन. आणि थोडं नशीब. ऑगस्ट 1972मध्ये सूर्यावर प्रचंड वादळ उठलं, तेव्हा अपोलो 16 परतलं होतं आणि 17 निघायचं होतं.

नासाच्या ओरायन यानात अशा वादळासाठी वेगळी खोली नाही. सामान ठेवायचे कप्पे रिकामे करून अंतराळवीरांनी आत शिरायचं आणि बाहेर काढलेल्या पिशव्या स्वतःभोवती रचून घ्यायच्या.


भाचा म्हणाला, "म्हणजे गोधडीत लपल्यासारखं?"

हो, साधारण तसंच.