तुमच्या मागे कोण आहे?

“ते राहू द्या, तुमच्या मागे कोण आहे ते सांगा!” कर्वे रोडच्या फुटपाथवर एका गृहस्थांनी आवाज चढवूनच विचारलं.

टेबल मांडून बसलेल्या काकू लोकांना मतदार यादीत नाव शोधून देत होत्या, लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं दाखवत होत्या. त्यांनी शांतपणे पावतीपुस्तक पुढे सरकवलं. पन्नास रुपये, शंभर, एका पावतीवर पाचशे. पेन्शनर, रिक्षावाले, हॉस्टेलची मुलं. “हे आहेत,” एवढंच म्हणाल्या.

प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. विचारायलाच हवा असा आहे. निवडणुकीवर लक्ष ठेवणाऱ्यांचा पैसा येतो कुठून? पण मग तो आपणच द्यायला नको का?

उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आज आपल्याला कळते, कारण अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये कोर्टाचं दार ठोठावलं. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही माहिती मतदाराचा हक्क ठरवली. राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्यासाठीचे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ला रद्द झाले, तेही नागरी संस्था कोर्टात चिकाटीने लढल्या म्हणून.

गणपतीची वर्गणी आपण दारात उभ्या उभ्या देतो. या कामालाही तशीच द्यावी, असं मला मनापासून वाटतं. जमेल तिथे रविवारचे दोन तासही.

तुमच्या भागात असं काम कोण करतंय?